कॅनिंग स्टॉक रूट

कॅनिंग स्टॉक रूट हा ऑस्ट्रेलियातील वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यामधील, गुरांचे कळप हाकत नेण्यासाठी आखलेला ऐतिहासिक मार्ग आहे. राज्याच्या उत्तरेकडील किंबर्ली प्रदेशातील हॉल्स क्रीक आणि मध्य-पश्चिमेकडील विलुना ही दोन गावे तो जोडतो. सुमारे १,८५० किलोमीटर लांबीचा हा मार्ग जगातील सर्वांत लांब ऐतिहासिक गुरेवाट मानला जातो. सर्वेक्षक आल्फ्रेड कॅनिंग यांनी १९०६-०७ मध्ये त्याचे सर्वेक्षण केले आणि १९०८ ते १९१० या काळात त्यावर विहिरी बांधून घेतल्या. ज्या व्यापारासाठी हा खटाटोप झाला तो मात्र या मार्गाने कधीच भरभराटीला आला नाही. १९५९ मध्ये शेवटचा कळप गेल्यानंतर त्याचा मूळ उपयोग संपला. सध्या तो फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांनी केल्या जाणाऱ्या अतिदुर्गम वाळवंटी प्रवासासाठी ओळखला जातो.

व्यवहारात हा मार्ग म्हणजे बांधलेला रस्ता नव्हे. एका पाणवठ्यापासून दुसऱ्या पाणवठ्यापर्यंत जाणारी ती एक ओळ आहे. ते पाणवठे मूलनिवासींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते आणि सर्वेक्षकांना ते त्यांच्याकडूनच, बहुतेकदा बळजबरीने, कळले. त्यामुळे मार्गाचा इतिहास हा मुख्यतः पाण्याचा व पाण्यावरील हक्काचा इतिहास आहे.

भौगोलिक स्थान

उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना हा मार्ग तनामी वाळवंटाच्या कडेने निघून ग्रेट सँडी, गिब्सन आणि लिटल सँडी या वाळवंटांतून जातो. वाटेत सुमारे ९०० वाळूच्या टेकड्या ओलांडाव्या लागतात. या टेकड्या साधारणपणे पूर्व-पश्चिम पसरलेल्या, एकमेकींना समांतर अशा लांबच लांब रांगा आहेत. मार्ग त्यांना जवळजवळ काटकोनात छेदत असल्याने त्या वळसा घालून टाळता येत नाहीत. काही टेकड्यांची उंची १५ मीटरहून अधिक आहे. टेकड्यांवर आणि त्यांमधल्या सपाट पट्ट्यांत स्पिनिफेक्स नावाचे काटेरी, राळयुक्त गवत वाढते. अधूनमधून डेझर्ट ओक वृक्षांची विरळ राने लागतात.

संपूर्ण वाटेवर कायम वस्तीची ठिकाणे दोनच आहेत: विहीर क्र. ३३ जवळील कुनावारित्जी आणि उत्तर टोकाकडील बिलिलुना. बिलिलुनाहून हॉल्स क्रीकपर्यंतचा शेवटचा टप्पा तनामी रस्त्याने जातो व त्याच भागात वुल्फ क्रीक हे उल्कापाताने बनलेले विवर आहे. मार्गाच्या दक्षिण भागात कुम्पुपिंतिल हे विस्तीर्ण खारे सरोवर लागते. गोऱ्या प्रवाशांनी त्याला ‘लेक डिसअपॉइंटमेंट’ म्हणजे निराशेचे सरोवर असे नाव दिले होते; २०२० मध्ये राज्य शासनाने मार्तू लोकांनी वापरलेले मूळ नाव अधिकृत केले. विहीर क्र. १७ जवळचे डर्बा स्प्रिंग्ज हे खडकांच्या घळईतले, झाडांनी वेढलेले पाण्याचे स्थान प्रवाशांच्या विशेष आवडीचे आहे. तेथील खडकांवर प्राचीन चित्रे असून मूलनिवासींच्या दृष्टीने हे स्थळ पवित्र आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील सोन्याच्या खाणींवर मोठी वस्ती झाली होती आणि तिला गोमांसाचा पुरवठा किंबर्ली प्रदेशातून होत असे. पूर्व किंबर्लीतील गुरांमध्ये गोचिडांचा प्रादुर्भाव होता. या गोचिडांमुळे बबेसिओसिस हा प्राणघातक ताप पसरत असल्याने पूर्व किंबर्लीची गुरे जहाजाने दक्षिणेकडे नेण्यास बंदी घालण्यात आली. परिणामी बाजार पश्चिम किंबर्लीच्या मोजक्या पशुपालकांच्या हातात गेला व मांसाचे भाव चढले. ही मक्तेदारी मोडण्यासाठी १९०५ मध्ये जेम्स इस्डेल यांनी वाळवंटातून गुरे आणण्याची कल्पना मांडली. कोरड्या हवेत काही महिने चालल्यावर गोचिडे गुरांच्या अंगावर जगणार नाहीत, अशी त्यामागची अटकळ होती.

हा प्रदेश त्यापूर्वी गोऱ्या लोकांनी पाहिलेलाच नव्हता असे नाही. जॉन फॉरेस्ट यांनी १८७४ च्या मोहिमेत आजच्या विहीर क्र. ९ जवळच्या वेल्ड स्प्रिंग येथे मुक्काम केला होता. तेथे मूलनिवासींशी चकमक झाल्यावर त्यांनी उभारलेल्या दगडी आडोशाचे अवशेष अजून दाखवले जातात. १८९६ मधील कॅल्व्हर्ट मोहिमेत चार्ल्स वेल्स आणि जॉर्ज जोन्स हे दोघे तहानेने मरण पावले. त्याच सुमारास वाळवंट पार करणारे डेव्हिड कार्नेगी यांनी येथून गुरे नेणे अव्यवहार्य असल्याचा निष्कर्ष काढला. मूलनिवासींना पकडून, त्यांना खारवलेले मांस खाऊ घालून, तहानेने व्याकूळ झाल्यावर ते पाण्याकडे जातील म्हणून त्यांच्या मागे जाण्याची आपली पद्धत कार्नेगी यांनी स्वतःच्या पुस्तकात उघडपणे लिहून ठेवली आहे.

सर्वेक्षण

आल्फ्रेड कॅनिंग (१८६०–१९३६) हे शासकीय सर्वेक्षक होते व राज्यातील प्रसिद्ध ससे-प्रतिबंधक कुंपणाची आखणी त्यांनी केली होती. १९०६ च्या मे महिन्यात आठ माणसे, २३ उंट, दोन घोडे, सुमारे अडीच टन अन्न आणि १,४४० लिटर पाणी घेऊन त्यांची तुकडी डे डॉन या खाणगावाहून निघाली. १९०७ च्या जानेवारीत ती हॉल्स क्रीकला पोहोचली आणि त्याच वाटेने परतली.

या मोहिमेचा सगळा भार उंटांवर होता. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियात आणलेले बहुतेक उंट ब्रिटिश हिंदुस्थानातून आले. १८६६ मध्ये कराचीहून शंभरावर उंट आणि त्यांचे उंटवाले जहाजाने पोर्ट ऑगस्टा येथे उतरवण्यात आले, तेथून या वाहतुकीला वेग आला. कराची बंदर त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. ‘अफगाण’ या एकाच नावाने ओळखल्या गेलेल्या उंटवाल्यांत बलुची, पठाण, सिंधी आणि पंजाबी असे अनेक लोक होते.

कळपासाठी साधारण दर २४ किलोमीटरवर, म्हणजे सुमारे एका दिवसाच्या चालीवर, पाणी हवे होते. एवढ्या अंतराअंतरावर पाणी शोधणे नवख्या माणसाला अशक्य होते. कॅनिंग यांनी सोबत साखळदंड व बेड्या नेल्या होत्या. वाटेत भेटणाऱ्या मूलनिवासींना पकडून, रात्री ते पळून जाऊ नयेत म्हणून साखळीने बांधून, त्यांना पाणवठे दाखवायला लावले जाई. एक मार्गदर्शक त्याच्या परिचित प्रदेशाबाहेर गेला की पुढच्या टप्प्यासाठी दुसरा पकडला जाई. परतीच्या प्रवासात एप्रिल १९०७ मध्ये मायकेल टोबिन हा तुकडीतील विहीर खोदणारा एका मूलनिवासी पुरुषाच्या भाल्याने मारला गेला; टोबिनच्या गोळीने तो पुरुषही मरण पावला. विहीर क्र. ४० जवळ टोबिनची कबर आहे. त्याला मारणाऱ्याचे तेथे काहीही स्मारक नाही.

शाही चौकशी आयोग

तुकडीचा आचारी एडवर्ड ब्लेक याने परतल्यावर मूलनिवासींना दिल्या गेलेल्या वागणुकीविरुद्ध तक्रार केली. साखळ्यांचा वापर, स्त्रियांशी गैरवर्तन आणि मूलनिवासींच्या वस्तू परस्पर उचलणे हे आरोप त्यात होते. १९०८ च्या प्रारंभी राज्य शासनाने शाही आयोग नेमला. साखळ्या वापरल्याचे कॅनिंग यांनी नाकारले नाही. त्याशिवाय मोहीम शक्य नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. राज्याचे पहिले प्रीमियर राहिलेले जॉन फॉरेस्ट यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली. आयोगाने साखळ्यांच्या वापराबद्दल नापसंती व्यक्त केली, परंतु कॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दोषमुक्त ठरवले व विहिरी बांधण्यासाठी त्यांनाच परत पाठवण्यात आले. ज्यांना बांधून नेले त्यांपैकी कोणाचीही साक्ष आयोगापुढे झाली नाही. तरीही आयोगाच्या नोंदींमुळे या मोहिमेची कार्यपद्धती त्या काळच्या इतर अनेक मोहिमांच्या तुलनेत अधिक तपशीलाने ज्ञात आहे.

विहिरींचे बांधकाम

मार्च १९०८ मध्ये सुमारे ३० माणसे, ७० उंट, चार गाड्या, १०० टन साहित्य आणि दूध-मांसासाठी २६० हून अधिक शेळ्या असा लवाजमा निघाला. १९१० पर्यंत काम पूर्ण झाले. दक्षिणेकडे विलुनाजवळील विहिरीस क्रमांक १ आणि उत्तरेकडील शेवटच्या विहिरीस क्रमांक ५१ देण्यात आला. आजही प्रवासी आपले ठिकाण या क्रमांकांनीच सांगतात.

सर्व पाणवठे म्हणजे खणलेल्या विहिरी नव्हत्या. काही नैसर्गिक झरे व खडकांतील कुंडे होती. खणलेल्या विहिरींची खोली खूप कमी-अधिक आहे. काही ठिकाणी पाणी दोन-चार मीटरवर लागले, तर क्र. ५ ही सर्वांत खोल विहीर सुमारे ३२ मीटर खणावी लागली. भुसभुशीत वाळू ढासळू नये म्हणून आतून स्थानिक लाकडाचे अस्तर दिले जाई. पाणी उपसण्यासाठी हाताने फिरवायचा रहाट असे, आणि त्याशिवाय उंच तिरक्या खांबावरील कप्पीतून दोर ओवून जनावराकरवी बादली ओढण्याची सोय असे. महाराष्ट्रातील मोटेशी हिचे साम्य सहज लक्षात येते. उपसलेले पाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या लांब डोणीत ओतले जाई व गुरे तेथे रांगेने पाणी पीत. आठशे गुरांपर्यंतच्या कळपाला पाणी पुरावे, असा हिशोब होता.

ही रचना गुरांसाठी सोयीची असली तरी मूलनिवासींसाठी घातक ठरली. वाळूत हाताने उकरून पाणी काढायच्या जागी आता खोल, उभ्या भिंतींची विहीर आली. जनावराशिवाय आणि जड बादलीशिवाय तिच्यातून पाणी निघेना. आत उतरताना माणसे पडून जखमी होत वा मरत. ज्या झऱ्यांशी पूर्वजांच्या कथा व विधी जोडलेले होते तेही या खोदकामात नष्ट झाले. पुढील वर्षांत अनेक विहिरींचे लाकूडकाम जाळले गेले, दोर व बादल्या काढून नेल्या गेल्या. समकालीन गोऱ्या लेखकांनी याला नासधूस म्हटले. पाणी पुन्हा हाताला लागावे यासाठी केलेली ती धडपड होती, असे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते.

गुरांची वाहतूक

भाडोत्री तत्त्वावर कळप हाकत नेणाऱ्यांना ऑस्ट्रेलियात ड्रोव्हर म्हणतात. त्यांच्यात हा मार्ग कधीही लोकप्रिय झाला नाही. १९११ मध्ये पहिल्या कळपांपैकी एक घेऊन निघालेले जेम्स थॉमसन, जॉर्ज शूस्मिथ व त्यांचा मूलनिवासी सहकारी हे विहीर क्र. ३७ येथे मारले गेले. मागून आलेल्या टॉम कोल यांना त्यांचे अवशेष सापडले. त्यांना मूठमाती देऊन कोल आपला कळप विलुनापर्यंत घेऊन गेले. त्यानंतर पाठवलेल्या पोलीस तुकडीने, सार्जंट पिल्मर यांच्या नेतृत्वाखाली, किमान १० मूलनिवासींना ठार केले.

१९३१ पर्यंत केवळ आठ कळप या मार्गाने गेले. १९२९ मध्ये विल्यम स्नेल यांच्याकडे दुरुस्तीचे काम देण्यात आले. मूलनिवासींना पाण्यापर्यंत पोहोचता येत नाही हे विहिरी मोडण्याचे कारण आहे, हे ओळखून त्यांनी विहिरींत उतरण्याची सोय करून पाहिली. विहीर क्र. ३५ च्या सुमारास त्यांनी काम सोडले. ते पूर्ण करण्यासाठी १९३० मध्ये पुन्हा कॅनिंग यांनाच बोलावले गेले; त्या वेळी ते सत्तरीचे होते. दुसऱ्या महायुद्धात, जपानी आक्रमण झाल्यास किंबर्लीतून गुरे बाहेर काढता यावीत म्हणून १९४२ मध्ये विहिरींची पुन्हा डागडुजी झाली. अर्धशतकाच्या काळात नोंद झालेल्या फेऱ्यांची संख्या चाळिशीच्या आतच आहे, यावरून खर्चाच्या मानाने मार्गाची उपयुक्तता लक्षात येते.

मूलनिवासी समाज आणि मार्ग

मार्तू, वांगकाजुंगा, वालमाजारी, कुकाजा अशा अनेक भाषिक गटांच्या भूमीतून हा मार्ग जातो. कळपांबरोबर अनेक मूलनिवासी स्त्री-पुरुषांनी काम केले. अनेक कुटुंबे या वाटेने उत्तरेकडील गुरांच्या मळ्यांवर किंवा दक्षिणेकडे गेली आणि वाळवंट हळूहळू रिकामे झाले. तरीही काही गट बाह्य जगाशी संबंध न येता राहिले. १९६४ मध्ये ‘ब्लू स्ट्रीक’ क्षेपणास्त्राच्या चाचणीपूर्वी प्रदेश निर्मनुष्य करण्यासाठी फिरणाऱ्या अधिकाऱ्यांना पर्सिव्हल सरोवरांच्या परिसरात स्त्रिया व मुलांचा असा एक गट आढळला व त्याला वाळवंटाबाहेर नेण्यात आले.

विख्यात चित्रकार रोव्हर थॉमस यांचा जन्म कुनावारित्जीच्या परिसरातला. बालपणीच ते बिलिलुनाला आले व पुढे दीर्घकाळ गुरांवर काम करत राहिले. १९९० च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या दोन चित्रकारांपैकी ते एक होते. १९९७ मध्ये वाळवंटातील चित्रकारांनी एकत्र येऊन सुमारे ८ × १० मीटरचे ‘नुरारा’ हे चित्र रंगवले. प्रत्येकाने आपापल्या पाणवठ्याचा भाग त्यात काढला आणि जमिनीवरील हक्काचा पुरावा म्हणून ते सादर करण्यात आले. २००७ मध्ये न्यायालयाने त्या दाव्यातील हक्क मान्य केले. २०१० मध्ये कॅनबरा येथील राष्ट्रीय संग्रहालयात ‘यिवारा कुजु’, म्हणजे ‘एक वाट’, या नावाचे प्रदर्शन भरले. या मार्गाची कथा मूलनिवासींच्या बाजूने सांगणारे ते पहिले मोठे प्रदर्शन होते.

मोटारगाड्यांचा काळ

१९६८ मध्ये रसेल वेनहोल्झ, डेव्ह चडले आणि नोएल कीली या सर्वेक्षकांनी मार्गाची संपूर्ण लांबी प्रथमच गाडीने पार केली. तोपर्यंत लेन बीडेल यांच्या तुकडीने बांधलेले तालावाना ट्रॅक व गॅरी जंक्शन रस्ता हे मार्गाला छेदू लागले होते, त्यामुळे मधूनच आत येणे किंवा बाहेर पडणे शक्य झाले. १९८० च्या दशकापासून हौशी प्रवाशांची संख्या वाढली. आज हा प्रवास सामान्यतः १५ ते २० दिवसांत केला जातो. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जात असल्याने मे ते सप्टेंबर हा हंगाम मानला जातो.

मुख्य अडचण इंधनाची असते. विलुना ते कुनावारित्जी हे अंतर सुमारे १,००० किलोमीटर आहे आणि मऊ वाळूत गाडी नेहमीच्या कितीतरी जास्त इंधन पिते. पूर्वनोंदणी करून विहीर क्र. २३ येथे २०० लिटरच्या पिंपातून इंधन पोहोचवून घेण्याची पद्धत अनेक वर्षे रूढ होती. इंधन, पाणी, अन्न व सुटे भाग मिळून गाडीवर इतके ओझे होते की ते ओझेच बिघाडाचे कारण बनते. कठीण जमिनीवर पडलेल्या पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटांवरून शेकडो किलोमीटर गेल्यावर शॉक ॲब्सॉर्बर निकामी होणे, स्प्रिंगचे पाटे तुटणे आणि टपावरील कॅरियरला तडे जाणे हे नेहमीचे प्रकार आहेत. वाटेत बंद पडलेली गाडी बाहेर काढण्याचा खर्च कधीकधी गाडीच्या किमतीइतका होतो.

वाळूच्या टेकड्या चढताना इंजिनाच्या ताकदीपेक्षा टायरमधील हवा अधिक महत्त्वाची ठरते. पक्क्या रस्त्यावर प्रति चौरस इंच ३५ ते ४० पौंड असणारा दाब येथे १५ ते २० पौंडांपर्यंत उतरवतात. त्यामुळे टायर लांबट पसरतो, जमिनीवरील भार विभागला जातो आणि चाक वाळूत रुतण्याऐवजी वर तरंगत जाते. जे चालक हवा न उतरवता वेगाच्या जोरावर चढू पाहतात त्यांची चाके चढावर खड्डे पाडतात, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी ती टेकडी अधिक अवघड होते. मार्गाची आजची खडबडीत अवस्था बऱ्याच अंशी यातूनच आली आहे.

टेकडीच्या माथ्यावर समोरून येणारी गाडी अखेरच्या क्षणापर्यंत दिसत नाही. म्हणून प्रत्येक गाडीवर लांब काठीला भडक रंगाचे निशाण बांधले जाते व चालक रेडिओवरून आपली जागा कळवत राहतात. मोबाइलला येथे संपर्क मिळत नसल्याने उपग्रह दूरध्वनी किंवा आपत्कालीन संकेतक जवळ ठेवणे अत्यावश्यक मानले जाते.

स्पिनिफेक्सचा धोका नवख्या प्रवाशांच्या सहसा लक्षात येत नाही. त्याचे वाळलेले तुरे व काड्या गाडीखाली साचतात आणि सायलेन्सरच्या तापलेल्या नळीला लागून पेट घेतात. अशा आगीत संपूर्ण गाड्या जळून गेल्या आहेत. त्यामुळे दिवसातून अनेकदा थांबून, गाडीखाली सरपटत जाऊन गवत काढावे लागते. गवताचे बी रेडिएटरच्या जाळीत अडकून इंजिन तापते, म्हणून पुढच्या बाजूला बारीक जाळी लावतात.

परवाने

मार्गालगतच्या बहुतेक भूमीवर न्यायालयांनी मूलनिवासींचे पारंपरिक हक्क मान्य केले आहेत. मार्तूंच्या मोठ्या क्षेत्रास ही मान्यता २००२ मध्ये मिळाली. त्यानंतर प्रवासासाठी परवाना आवश्यक झाला. वेगवेगळ्या हक्कधारक गटांनी मिळून स्थापन केलेल्या ‘कुजु वांगका’, म्हणजे ‘एक वाणी’, या व्यवस्थेमार्फत तो दिला जातो. परवान्यात मार्गापासून बाजूला किती अंतरापर्यंत जाता येते व कोणती स्थळे वर्ज्य आहेत हे नमूद असते. काही पाणवठ्यांवर मुक्काम करण्यास किंवा पोहण्यास मनाई आहे.

विहिरींची सद्यःस्थिती

बहुतेक विहिरी ढासळल्या आहेत. काहींच्या जागी वाळूतला खळगा, मोडका खांब आणि गंजलेली डोण एवढेच दिसते. विहीर क्र. २६ ही १९८३ मध्ये मूळ पद्धतीने पुन्हा बांधण्यात आली आणि पुढे स्वयंसेवकांच्या गटांनी आणखी काही विहिरींची दुरुस्ती केली. दुरुस्त विहिरींवर झाकण असते आणि पाणी काढल्यावर ते पुन्हा लावावे लागते, कारण उघड्या विहिरीत पडून मेलेल्या प्राण्यांमुळे पाणी नासते. पाणी मिळणाऱ्या विहिरींपैकी अनेकांचे पाणी मचूळ असते व ते उकळून किंवा गाळूनच प्यावे लागते. पाऊस आणि दुरुस्ती यांनुसार ही स्थिती दरवर्षी बदलते, त्यामुळे कोणत्या क्रमांकाच्या विहिरीला पाणी आहे याची ताजी माहिती प्रवासी विलुना, कुनावारित्जी किंवा बिलिलुना येथे थांबून, विरुद्ध दिशेने आलेल्या गाड्यांकडून घेतात.